हदगांवची हळद

नांदेडहून नागपूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे अर्धापूरच्या केळीच्या बागा मागें पडतात, वारंगा फाटा येतो आणि पुढें थोड्याच वेळांत हदगांव लागतें. अंतर म्हणाल तर 60-65 किलोमीटर. आमच्या आत्याबाईंचें घर हदगांवपासून जरा आंत एका खेड्यांत आहे. त्यांचें बोलावणें दरवर्षीं येतें आणि दरवर्षीं कांहींतरी सबब सांगून आम्ही तें पुढें ढकलतों. यंदा मात्र त्यांचे गुडघे फारच धरले आहेत असें कळलें, तेव्हां फाल्गुनांत आम्ही सहकुटुंब निघालोंच. बरोबर धाकट्या सूनबाई होत्या. त्यांना तिसरा महिना असल्यामुळें गाडींत त्यांचे फार हाल झाले. त्यांविषयीं पुढें सांगूं.

हा मुलूख पैनगंगेच्या अलीकडचा. नदी ओलांडली कीं उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यांत होता, आणि घरांतल्या वडिलधाऱ्यांच्या बोलण्यांत अजूनही उर्दूचे शब्द सहज येऊन जातात. हदगांवांत दत्तबर्डीचें देवस्थान आहे. तेथें दर्शन घेऊन आम्ही पुढें गेलों. आमच्या लहानपणीं या रस्त्याच्या दुतर्फा कापूस, ज्वारी आणि तूर एवढेंच दिसे. पुढें ईसापूर धरणाचें पाणी कालव्यांतून आलें, आणि आतां फाल्गुनांत पाहावें तिकडे हळदीची काढणी चाललेली दिसते. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांतील वसमत तर हळदीचें मोठें पेठेचें गांव. वसमतच्या हळदीला 2024 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें; सांगलीच्या हळदीला तें 2018 सालींच मिळालें होतें. वसमतला हळदीच्या संशोधनासाठीं स्वतंत्र केंद्र काढण्याचेंही शासनानें 2022 सालीं मंजूर केलें. आत्याबाईंच्या शेतांत सेलम जातीची हळद आहे. या भागांत तीच अधिक दिसते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही शेतांत गेलों. हळद म्हणजे डब्यांतली पिवळी पूड एवढीच ज्यांची ओळख, त्यांनीं ही काढणी एकदां अवश्य पाहावी. पाला आधींच कापून टाकलेला असतो. मग जमीन उकरून कंद काढतात आणि बायका बसून ते निवडतात. मधला जाड तो जेठा गड्डा. त्याला फुटलेलीं लांबट बोटें तीं हळकुंडें. उत्तम गड्डे पुढच्या वर्षींच्या बेण्याला जातात व हळकुंडें शिजवण्यास. पूर्वीं मोठ्या कढईंत वर हळदीचाच पाला झांकून शिजवीत; आतां वाफेचा कुकर ट्रॅक्टरमागें जोडून बांधावर येतो. कच्चा कंद हा जिवंत असतो. शिजवल्यानें त्याचें अंकुरणें थांबतें, आंतलें पीठ मऊ होतें, रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि वाळणें लवकर होतें. शिजली कीं नाहीं हें कसें ओळखतां, असें आम्हीं विचारलें. वाट्यानें शेत करणारा गडी एक बारीक काडी हळकुंडांत खुपसून म्हणाला, "काडी सहज शिरली की शिजली समजा, काका. लई शिजली तर रंग जातो, कमी शिजली तर वाळायला खोटी होते." त्यानंतर दहा-पंधरा दिवस ऊन आणि मग पिंपांत घोळवून चकाकी. ओल्या हळदीच्या साधारण पांचव्या हिश्शाएवढीच वाळलेली हळद हातीं येते. नऊ महिन्यांच्या मेहनतीनंतर अवकाळी पावसाची एक सर त्या वाळत्या ढिगावर आली कीं सर्व रंग व भाव गेला. आम्ही होतों त्या दोन दिवसांत आत्याबाईंचे चिरंजीव रात्रीं तीनदां उठून आभाळाकडे पाहून आले.

दुपारीं ओसरीवर गोष्टी निघाल्या, त्या अर्थातच गुडघ्यांवरून. आत्याबाईंचें चालणें पूर्वीपेक्षां सुधारलेलें दिसलें. आम्हीं तसें म्हणतांच त्यांनीं फडताळांतून एक बाटली काढून दाखविली. परदेशांतल्या नातवानें धाडलेल्या त्या कॅप्सूल. वर हळदीचा अर्क आणि काळ्या मिऱ्यांचा अर्क असें लिहिलेलें. चार महिन्यांपासून रोज दोन चालू, आणि डॉक्टरांना यांतलें कांहीं सांगितलेलें नाहीं. आम्हीं जरा चिंतेनें विचारतांच त्या उसळून म्हणाल्या, "अरे, हळदच ना ती? हळदीनं कुणाचं वाईट झालंय का आजवर?"

प्रश्न साधा, पण उत्तर तितकें साधें नाहीं. हळदीला पिवळा रंग देणारें द्रव्य कर्क्युमिन. तें 1815 सालीं वेगळें काढलें गेलें आणि 1910 सालीं त्याची रासायनिक रचना ठरली. बाळाच्या अंगरख्यावरचा हळदीचा डाग साबण लागतांच लाल होतो आणि उन्हांत टाकला कीं फिका पडतो, हा चमत्कार घरोघरीं गृहिणींच्या पाहण्यांतला आहे. तो या द्रव्याचाच. हळदीला चुन्यासारखा क्षार लावून कुंकू होतें, तेंही याच गुणानें. तथापि हळदीच्या पुडींत हें द्रव्य शेंकडा तीन ते पांच एवढेंच असतें. भाजींत चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम हळद घातली तरी त्यांत कर्क्युमिन फार तर दीडशें मिलिग्रॅम; आणि ती भाजी तर सारें घर खातें.

आणखी एक अडचण अशी कीं, पोटांत गेलेलें कर्क्युमिन रक्तांत फारसें उतरतच नाहीं. आंतडीं व यकृत त्याची लगेच वासलात लावतात. 1998 सालीं बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलें तेव्हां रक्तांत तें जेमतेम आढळलें. सोबत मिऱ्यांतील पायपेरीन 20 मिलिग्रॅम देतांच प्रमाण वीसपटीनें वाढलें. हा आंकडा जाहिरातवाल्यांनीं जगभर नेला. मूळ जवळजवळ शून्य असतां त्याची वीसपट किती, हें मात्र कोणी सांगत नाहीं! मिऱ्यांचा हा गुण आपल्या वैद्यांच्या ध्यानांत आला असावा. सुंठ, मिरें व पिंपळी यांचें त्रिकटु अनेक औषधांत जोडीला असतें. त्याची शास्त्रीय तपासणी जम्मूच्या प्रयोगशाळेंत अटल यांनीं 1980 च्या सुमारास केली. परंतु पायपेरीन हें काम करतें तें शरीराची निचऱ्याची व्यवस्था मंद करून. म्हणजे तें घेणारा माणूस रक्तदाबाची वा फेफऱ्याची गोळी घेत असेल, तर तिचीही मात्रा रक्तांत नकळत वाढूं शकते.

मग हळदीचा कांहींच उपयोग नाहीं काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. थायलंडांत गुडघेदुखीच्या 367 रुग्णांवर केलेली एक चाचणी 2014 सालीं प्रसिद्ध झाली. निम्म्यांना रोज 1500 मिलिग्रॅम हळदीचा अर्क व निम्म्यांना आयबुप्रोफेन हें नेहमींचें वेदनाशामक दिलें. चार आठवड्यांनीं दुखण्याचा उतार दोहोंकडे सारखाच दिसला, आणि हळदवाल्यांना पोटाचा त्रास कमी झाला. आत्याबाईंचें चालणें सुधारलें, त्यांत नवल नव्हतें. पण त्या चाचणींत निव्वळ खोट्या गोळीशीं तुलना नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. 2017 सालीं अमेरिकेंतील कांहीं रसायनशास्त्रज्ञांनीं कर्क्युमिनवरील 120 हून अधिक चाचण्यांचा हिशेब मांडला. वैद्य व रुग्ण या दोघांनाही खरें औषध कोणतें व खोटें कोणतें हें ठाऊक नसतां घेतलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली त्यांना आढळली नाहीं. 'पी हळद नि हो गोरी' म्हणणारे आपले पूर्वज या बाबतींत अधिक सावध होते असें आम्हांस वाटतें.

येथें त्या गाजलेल्या पेटंटाची आठवण होते. 1995 सालीं मिसिसिपी विद्यापीठांतील दोन भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांना, हळदीनें जखम भरून येते या 'शोधा'बद्दल अमेरिकन पेटंट मिळालें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्याविरुद्ध दाद मागितली; तेव्हां तिचे महासंचालक गोव्याच्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर होते. जुने ग्रंथ व लेख मिळून 32 पुरावे पुढें ठेवण्यांत आले, त्यांत 1953 सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांतील लेखही होता, आणि 1997 सालीं तें पेटंट रद्द झालें. या विजयाचा आम्हांस अभिमान आहेच. मात्र पुष्कळांना वाटतें कीं त्यांत हळदीचे गुण सिद्ध झाले. सिद्ध झालें तें इतकेंच कीं ही माहिती नवी नव्हे. गुण किती, हा प्रश्न तेव्हांही प्रयोगशाळेंतच होता व आजही आहे.

आतां सूनबाईंची गोष्ट. आत्याबाईंनीं त्यांची अवस्था पाहतांच आल्याची चकती सैंधव लावून हातावर ठेवली, आणि या वेळीं आम्हीं मुळींच आक्षेप घेतला नाहीं. मळमळीवर आल्याचा पुरावा हळदीहून पुष्कळ सरळ आहे. 1982 सालीं गरगर फिरणाऱ्या खुर्चींत माणसें बसवून, आणि 1988 सालीं डेन्मार्कच्या आरमारी शाळेंतील 80 मुलांना खवळलेल्या समुद्रावर नेऊन याची परीक्षा झाली. 2001 सालीं थायलंडांतील 70 गरोदर स्त्रियांवर चार दिवस रोज एक ग्रॅम आलें देऊन ती झाली, आणि त्यांची मळमळ व ओकारी कमी झाली. आल्याची व सुंठेची चव वेगळी कां, हेंही येथेंच सांगून टाकतों. ओल्या आल्यांत जिंजेरॉल असतें; वाळतांना त्यांतला पाण्याचा अंश निघून त्याचें शोगाओल होतें, आणि तें अधिक तिखट. 'शोगा' हें आल्याचें जपानी नांव. सूनबाईंच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलें, तेव्हां थोडें थोडें घेण्यास त्यांनींही हरकत घेतली नाहीं.

बाटलीचा प्रश्न मात्र राहिलाच होता. अमेरिकेंत हळदीच्या कॅप्सूलनंतर यकृताला सूज आलेल्या 10 रुग्णांची तपशीलवार नोंद 2022 सालीं प्रसिद्ध झाली. पांचांना रुग्णालयांत ठेवावें लागलें, एक दगावला, आणि दहांपैकीं 7 जणांत एकच विशिष्ट आनुवंशिक खूण सांपडली. लाखों लोक ज्या कॅप्सूल घेतात त्यांत दहा म्हणजे थोडे. पण त्या दहांत आपलें माणूस नसेल हें कोणी सांगावें? आम्हीं हें हळूहळू समजावून सांगितलें. आत्याबाई रागावल्या आणि रात्रीं आमच्याशीं बोलल्या नाहींत. सकाळीं मात्र नऊवारी नेसून, पिशवी घेऊन स्वतःच गाडीशीं येऊन उभ्या राहिल्या.

नांदेडच्या डॉक्टरांनीं रक्त तपासलें, तों यकृताचे आंकडे वाढलेले निघाले. कारण कॅप्सूलच, असें त्यांनीं छातीठोकपणें म्हटलें नाहीं. बंद करून दोन महिन्यांनीं पाहूं म्हणाले. वैशाखांत चिरंजिवांचा फोन आला कीं आंकडे खालीं आले, गुडघे पुन्हां थोडे कुरकुरूं लागले आहेत, आणि हळद पाऊस लागण्याआधीं वसमतला पोंचली. आत्याबाईंनीं निरोप धाडला तो निराळाच. नातवाला कळवा, म्हणाल्या, कीं यापुढें तिकडून हळद पाठवूं नये. त्यालाच इकडून दोन किलो हळकुंडें पाठवतें आहें.