पाठ टेकली की कुस्ती संपते

आमच्या घरात खबीब नुरमगोमेदोव्ह हे नाव कोणालाच धड उच्चारता येत नव्हतं. अब्बा त्याला 'तो दागिस्तानचा पोरगा' म्हणायचे, अम्मा 'टोपीवाला' म्हणायची. लढतीच्या आधी तो मेंढीच्या लोकरीची मोठी पांढरी टोपी घालून यायचा, म्हणून टोपीवाला. पूर्ण नाव फक्त आमच्या थोरल्याला यायचं, आणि तो ते कलमा पाठ असल्यासारखं म्हणून दाखवायचा.

मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजे काय, हे आम्हाला २०१८ पर्यंत ठाऊक नव्हतं. ठोसे, लाथा, कुस्ती, ज्युडो सगळं एकत्र. आठ कोनांचा जाळीचा पिंजरा, त्यात दोन माणसं. विजेतेपदाची लढत पाच फेऱ्यांची, एकेक फेरी पाच मिनिटांची. थोरला तेव्हा बारा वर्षांचा होता. ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी त्याने सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. लास वेगासमध्ये शनिवारची रात्र होती, आमच्याकडे पोह्यांची वेळ. समोर होता आयर्लंडचा कॉनर मॅकग्रेगर. त्याने आधीच्या पत्रकार परिषदेत खबीबपुढे दारूचा पेला धरला होता, नाही म्हटल्यावर टिंगल केली होती, वडिलांना आणि धर्माला नावं ठेवली होती. ते सगळं थोरल्याने आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की लढत सुरू होण्याआधीच आमच्या मुठी वळल्या होत्या.

अब्बा मात्र पोहे खात शांत बसले होते. तरुणपणी त्यांनी सोलापुरात तालमीत घाम गाळलेला. हळद, ताक, तेल घातलेल्या तांबड्या मातीचा वास त्यांना साठीतही आठवायचा. आमच्या जिल्ह्यात बोरामणीच्या शेख घराण्यातून इस्माईल, अप्पालाल आणि मुन्नालाल असे तीन महाराष्ट्र केसरी झाले. १९८०, १९९२ आणि २००२ ही तिन्ही सालं अब्बांना आमच्या जन्मतारखांपेक्षा पक्की पाठ होती. खबीबने खाली वाकून मॅकग्रेगरचे पाय धरले तसे ते एकदम ताठ झाले. "अरे, हा तर पट काढतोय! हा पैलवान आहे!" मग मात्र पोहे तसेच राहिले. प्रत्येक डाव अब्बा आम्हाला कुस्तीच्या भाषेत समजावू लागले.

चौथ्या फेरीत खबीबने मान आवळली आणि मॅकग्रेगरने हार मानली. आम्ही ओरडलो. शेजारच्या वहिनी काय झालं म्हणून बघायला आल्या. आणि त्याच क्षणी खबीब जाळीवरून उडी मारून मॅकग्रेगरच्या माणसांवर धावून गेला. एकच गोंधळ. थोरला सोफ्यावर उभा राहून नाचत होता. आम्हीही हसत होतो, खोटं कशाला बोलायचं? आतून बरं वाटत होतं. 'दाखवलं त्याला,' असंच वाटत होतं.

अब्बांनी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. "जिंकलेली कुस्ती घालवली पोराने," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात शाळेतून फोन आला. एका मुलाने आमच्या थोरल्याला त्याच्या आडनावावरून आणि वडिलांवरून काहीतरी बोललं होतं. काय बोलला ते इथे लिहीत नाही, वाचकांपैकी बऱ्याच घरांनी तसलं ऐकलेलं असेल. थोरल्याने बाकावरून उडी घेतली आणि त्याला खाली पाडलं. इथवर आम्ही समजून घेतलं असतं. पण पडल्यावरही तो मारत राहिला. त्या मुलाचा ओठ फाटला. घरी आल्यावर विचारलं तर मान वर करून म्हणाला, "खबीबने पण तेच केलं."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. रविवारी सोफ्यावर टाळ्या वाजवणारे आम्हीच होतो.

उत्तर अब्बांनी दिलं. त्यांनी त्याला जवळ बसवून विचारलं, "कुस्ती कधी संपते?" तो म्हणाला, "पाठ टेकली की." "मग पाठ टेकल्यावर तू काय करत होतास?" तो गप्प. मग अब्बांनी त्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आठवण करून दिली: समोरच्याला आपटणारा बलवान नव्हे, राग आला असताना स्वतःला आवरतो तो बलवान. आणि लढायची वेळ आलीच तर तोंडावर मारू नये. संध्याकाळी नातवाचा हात धरून ते त्या मुलाच्या घरी गेले. त्याच्या आईवडिलांसमोर आधी स्वतः माफी मागितली, मग नातवाला मागायला लावली. त्या मुलाच्या वडिलांनी चहा केला आणि आपल्या मुलालाही बोलल्याबद्दल माफी मागायला लावली. येताना अब्बा म्हणाले, "अपमान त्याने केला होता. पण चहा त्यांच्या घरी प्यालो. आता हिशोब संपला."

पुढे कळलं की खबीबनेही त्याच रात्री माफी मागितली होती आणि घरी वडील आपली खैर करणार नाहीत असं बोलून दाखवलं होतं. नेवाडाच्या क्रीडा आयोगाने त्याला नऊ महिन्यांची बंदी आणि पाच लाख डॉलर दंड केला. अब्बांना हे सांगितलं तर त्यांना दंडापेक्षा वडिलांच्या धाकात जास्त रस वाटला. अब्दुलमनाप नुरमगोमेदोव्ह हे त्याचे वडील आणि तेच त्याचे वस्ताद. घराच्या तळमजल्यावर गादी टाकून त्यांनी पोरं घडवली होती. "म्हणजे घरातच तालीम," अब्बा खूश होऊन म्हणाले. त्या डिसेंबरात जालन्यात बाला रफिक शेख महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. ते वर्ष आमच्या घरात पैलवानांचंच गेलं.

सप्टेंबर २०१९ मध्ये खबीब अबूधाबीत डस्टिन पॉरिए नावाच्या अमेरिकन लढवय्याशी लढला. या वेळी वडील त्याच्या कोपऱ्यात उभे होते. तिसऱ्या फेरीत जिंकला आणि कोणावर धावून जाणं वगैरे काही नाही. उलट दोघांनी शर्ट बदलले. पॉरिएच्या धर्मादाय संस्थेसाठी तो शर्ट विकून आलेले एक लाख डॉलर खबीबने दिले. थोरला धावत अब्बांना सांगायला गेला. अब्बा म्हणाले, "बघ, बापाने कान पिळलेला दिसतोय."

मग २०२० साल आलं. तीन जुलैला अब्दुलमनाप यांचं निधन झालं. कोरोनाने आधीच दुबळं झालेलं हृदय साथ देईना. वय सत्तावन्न. अब्बांनी बातमी ऐकून इन्ना लिल्लाह म्हटलं आणि बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "पोरगा आता कोणाला विचारून लढणार?"

ऑगस्टमध्ये अब्बा गेले. तोच आजार. ज्या माणसाच्या ओळखीने अर्धं सोलापूर भरलं होतं, त्यांच्या जनाज्याला आम्ही मोजके पाचसहाजण होतो, तेही अंतर ठेवून. थोरल्याला आम्ही नेलं नाही. नियम होते, भीतीही होती. तो दाराशी उभा राहिला. हे त्याने आम्हाला पुष्कळ दिवस माफ केलं नाही. रडलाही नाही. जेवण कमी, बोलणं कमी, आणि एके दिवशी म्हणाला, "मला एमएमए शिकायचंय. क्लासची चौकशी केलीय." त्याची अम्मी नको म्हणाली, आम्ही नको म्हणालो, तो दार आपटून आत गेला. त्या घरात समजूत घालणारा माणूस आता नव्हता.

२४ ऑक्टोबरची रात्र. दुसऱ्या दिवशी दसरा, शेजारच्या दारात झेंडूच्या माळा ओवून ठेवलेल्या. अबूधाबीतल्या यास बेटावर रिकाम्या स्टेडियममध्ये खबीबची जस्टिन गेथजीशी लढत होती, आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. आम्ही सगळे बसलो. अब्बांची खुर्ची कोणी घेतली नाही. अम्मा तस्बीह घेऊन मागे बसली होती.

गेथजी पायांवर जबर लाथा मारत होता. खबीबच्या पायाचं बोट मोडलेलं होतं, हे नंतर कळलं. तरी तो मागे हटेना, पुढेच चालत राहिला. दुसऱ्या फेरीत त्याने खाली घेतलं, छातीवर बसला आणि पायांच्या कैचीत मान धरली. गेथजीने हाताने थोपटून हार कबूल केली, पण पंचाच्या ते लगेच लक्षात आलं नाही आणि तो बेशुद्ध झाला. एक मिनिट चौतीस सेकंद. तिथे हात मोडण्याचाही डाव होता. पण आईवडील बघत असताना त्यांच्या मुलाचा हात मोडायला नको म्हणून खबीबने हा डाव निवडला, असं पुढे त्याच्या सहकाऱ्याने सांगितलं.

आम्ही कोणी ओरडलो नाही. खबीब मधोमध कोसळून रडत होता. नुकताच शुद्धीवर आलेला गेथजी त्याच्याजवळ गेला आणि त्याला सावरू लागला. मग खबीबने हातमोजे काढून मध्यभागी ठेवले. वडिलांशिवाय इथे येण्यात अर्थ नाही, आईशी तीन दिवस बोलणं झालं, ही शेवटची लढत असं तिला वचन दिलंय, असं तो म्हणाला. एकोणतीस लढती, एकोणतीस विजय, आणि बस्स.

आमचा थोरला रडू लागला. ऑगस्टपासूनचं सगळं तेव्हा बाहेर आलं. अम्माने त्याला जवळ घेतलं. तो हुंदके देत म्हणाला, "दादी, मला माती द्यायला पण नेलं नाही." आम्ही काय बोलणार? दोन वर्षांपूर्वी अब्बांनी परक्याच्या घरी जाऊन माफी मागितली होती. आम्ही आपल्याच मुलाची मागितली. फजरनंतर त्याला कब्रस्तानात घेऊन गेलो. त्याने ओंजळभर माती कबरीवर घातली, फातिहा पढला.

क्लासचा विषय अम्माने मिटवला. तिने विचारलं, "त्या खेळात पडलेल्याला मारतात का?" तो म्हणाला, "हो, तोंडावरही." "मग तुझ्या दादांना ते आवडलं नसतं. जिथे पाठ टेकली की थांबतात, तिथे जा." तालमी उघडल्यावर तो अब्बांच्याच तालमीत जाऊ लागला. अजून जातो. मोठा पैलवान होईल असं वाटत नाही, पण पहाटे उठतो आणि घरी येऊन आजीचे पाय दाबतो.

लढती आम्ही आजही बघतो. पडलेल्या माणसाच्या तोंडावर ठोसे पडू लागले की अम्मा मान फिरवते, आणि आपण हे का बघतो, हा प्रश्न आम्हाला दर वेळी पडतो. त्याचं पुरतं उत्तर अजून आमच्याकडे नाही. २०२२ मध्ये खबीबचा दोस्त आणि शागीर्द इस्लाम मखाचेव्ह अबूधाबीतच विजेता झाला, तेव्हा खबीब त्याच्या कोपऱ्यात होता. जिथे वडील उभे राहायचे, तिथे.

मधूनमधून बातमी फिरते की खबीब परत येणार, कोट्यवधींचा करार आहे. थोरला ती दरवेळी अम्माला वाचून दाखवतो. अम्मा तस्बीह न थांबवता विचारते, "त्याने आईला जबान दिलीय ना?"

"दिलीय, दादी."

"मग नाही येत तो."

आणि आजवर तो आलेला नाही.