विहिरीतला आमचा भाऊ

शाळेमागच्या पिंपळावर मुंजा राहतो, हे आम्हांला पहिलीतच कळले होते. मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत मेलेला मुलगा म्हणजे मुंजा. तो कधी मोठा होत नाही. २०२४ मध्ये ‘मुंज्या’ नावाचा हिंदी चित्रपट आला तेव्हा घरातली पोरे थिएटरात किंचाळली; आम्हांला तो पिंपळ आठवला.

मधल्या सुट्टीत सगळी पोरे पारापासून लांब पळायची. आम्हीही पळायचो. सख्खे-चुलत मिळून आम्ही पाच भाऊ. एकदा वर्गातल्या एकाने आम्हांला अडवले. “तुमी कशाला पळताय? तुमची कुठं मुंज हुती? तुमास्नी नाय धरायचा त्यो.” सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण आम्ही पारावर जाऊन बसलो आणि फार एकटे वाटले. भुतानेसुद्धा आम्हांला हजेरीतून वगळले होते. (वर्गातल्या बहुतेकांची मुंज होणार नव्हती, अडवणाऱ्याचीही नाही. हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी सुचले.)

घरी दादीमाने निकाल दिला. आपल्यात भुते नसतात. जिन्नात असतात, पण ती मेलेली माणसे नव्हेत. मेलेला माणूस कयामतपर्यंत बर्जखमध्ये असतो, त्याला इकडे फिरायला सवड नसते.

१९७८ च्या उन्हाळ्यात आमच्यातला सर्वांत धाकटा, चाचांचा मुलगा, मळ्यातल्या विहिरीत बुडाला. दहा वर्षांचा होता. पाठीला डबा बांधून पोहायला शिकत होता. “डबा सोड, काय होत नाही,” असे आम्हीच काठावरून ओरडलो होतो. नेमके कोण ओरडले, हे उरलेल्या चौघांनी कधी ठरवले नाही.

जनाज्यानंतर मौलवीसाहेबांनी अब्बांना समजावले, की नाबालिग मुलाच्या नावावर गुनाह नसतो. त्याच्या जनाज्यात त्याच्यासाठी माफी मागत नाहीत. त्यानेच आईबापांची शिफारस करावी, अशी दुआ करतात. आम्ही ऐकत उभे होतो. आम्ही अकरा-बारा वर्षांचे. आमच्या नावाची वही उघडली की नाही, याचा हिशेब आम्ही कितीतरी रात्री करत राहिलो.

महिनाभरात गावात बोलबाला झाला. भर दुपारी तो विहिरीच्या काठावर बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याला “माझा डबा द्या” म्हणतो. तोही चक्क गावच्या मराठीत. घरात आम्ही दखनी बोलायचो, तोही दखनीच बोलायचा. वाटेने जाणारे भाकरीचा तुकडा ठेवू लागले. दादीमा भडकली, तोबा तोबा म्हणाली. चाची काही बोलली नाही. ती धुण्याचे निमित्त करून ऐन दुपारीच विहिरीवर जाऊ लागली. तिथे ती काय बघायची, हे विचारायची आमची छाती झाली नाही. मुंज्याने आम्हांला टाळले होते आणि आता सारे गाव आमच्या भावाला भीत होते. दुःखात थोडा गर्वही होता, हे कबूल करायला हवे.

पुढे आम्हांला मिसरूड फुटले, तालुक्याला कॉलेजात गेलो. “तुम्ही मुसलमान वाटतच नाही, किती छान मराठी बोलता,” असे कोणी म्हटले की आम्ही खूश व्हायचो आणि आणखी न वाटण्याचा प्रयत्न करायचो. चारचौघांत अम्मीला आई म्हणायचो. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आमच्यातला एक तेव्हा कविता लिहायचा. तोही गेला नाही. आपल्यावर शिक्का कशाला, म्हणाला.

डिसेंबर १९९२ नंतरच्या ईदला गावी आलो. स्टँडवरच्या हॉटेलात चहा घेताना मागच्या बाकावर विहिरीतल्या भुताचा विषय निघाला. आता म्हणे त्याला दाढी होती, डोक्यावर टोपी होती आणि तो फक्त हिंदूंची पोरे ओढायचा. दहा वर्षांचा पोरगा एवढा मोठा झाला होता. आमच्याबरोबरच झाला म्हणायचा.

चहा संपवून मुकाट्याने उठायची आम्हांला सवय होती. पण आमच्यातला एक वळून म्हणाला, “त्याला दाढी नव्हती. पोहता येत नव्हतं त्याला. डबा सोड म्हणून आम्हीच सांगितलं.”

चौदा वर्षांत हे वाक्य आम्ही एकमेकांतही उच्चारले नव्हते. हॉटेल गप्प झाले. मग कोपऱ्यातून मुंज्याची गोष्ट सांगणारा तो वर्गमित्र म्हणाला, “म्या बी हुतो की तितं. म्या बी म्हनलो हुतो, सोड म्हनून.”

चाची गेली. शिवारात बोअर झाले, विहीर आटली, तिच्यात बाभळी उगवल्या. गेल्या बकरी ईदला आम्ही तिघेच उरलेले तिकडे फिरत गेलो. शेळ्यांमागे आलेला एक पोरगा लांबूनच ओरडला, “काठावर जाऊ नगा, भूत हाय!”

“कुणाचं रे?”

“काय की. गावातलंच एक पोरगं हुतं म्हनं. पवायला शिकत हुतं.”