उपाशी पोटीचा हायड्रोजन

हायड्रोजनला कोणी मोठं मानत नाही. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन, संपला संसार. शरीरातल्या अणूंची शिरगणती केली तर निम्म्याहून अधिक हेच निघतील, पण वजनात यांचा वाटा जेमतेम १० टक्के. पोट भरलेलं असेतोवर कौतुक सगळं साखरेचं; याचं नावही कोणी काढत नाही.

स्वारीचा स्वभाव कळतो तो उपासात. खिचडीच्या उपासात नव्हे हं. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांकडे त्याला निराळं काही करावंच लागत नाही. अन्न खरोखर बंद झालं, की साधारण दिवसभरात यकृतातला साखरेचा साठा, ग्लायकोजेन, संपत येतो आणि शरीर चरबीला हात घालतं. चरबीतल्या पामिटिक आम्लाच्या एका रेणूत ३२ हायड्रोजन. पेशींतले मायटोकॉन्ड्रिया या आम्लाची कार्बनची साखळी दोन-दोन कार्बननी तोडतात. दर तोडीला चार हायड्रोजन सुटतात. ते वाहून नेणारे हमाल दोन: दोन हायड्रोजन एफएडीच्या वाट्याला, दोन एनएडीच्या.

यकृतात ही आवक इतकी वाढते, की मोकळा एनएडी मिळेनासा होतो. तिकडे मेंदू खोळंबलेला. चरबीची आम्लं त्याला फारशी चालत नाहीत. यावर यकृताने काढलेली तोड मला फार आवडते. चरबीच्या तुकड्यांपासून ते अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट बनवतं, त्यातल्या बऱ्याचशावर दोन-दोन हायड्रोजन चढवतं आणि तयार झालेलं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट रक्तात सोडतं. स्वतःला त्यातलं काहीच वापरता येत नाही. त्यासाठी लागणारं एन्झाइमच यकृतापाशी नाही. मेंदूत पोचल्यावर तेच हायड्रोजन उतरवून घेतले जातात, त्यांचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत जातात, वाटेत पेशींना ऊर्जा पुरवणारं एटीपी बनतं आणि शेवटी पाणी होतं. पाच-सहा आठवडे उपाशी ठेवलेल्या लठ्ठ रुग्णांचा मेंदू मुख्यतः यकृताने पाठवलेल्या या पदार्थांवर, म्हणजे कीटोनांवर चालतो, हे जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवून दिलं.

एवढं झालं तरी गृहस्थ साधा नाही. इलेक्ट्रॉन मागे टाकून नुसता प्रोटॉन म्हणून हिंडू लागला, की तोच आम्ल होऊन छळतो, आणि कीटोनांबरोबर असे प्रोटॉन रक्तात येतातच. मग मूत्रपिंड ग्लुटामिनपासून अमोनिया काढतं आणि त्याच्याबरोबर यांना लघवीवाटे घालवतं. ते ग्लुटामिन बरंचसं स्नायू झिजवून आलेलं असतं. उपास फुकट होत नाही तो असा.

निरोगी माणसात उपासातही थोडं इन्सुलिन असतं. ते कीटोनांना मर्यादेत ठेवतं. टाइप-१ मधुमेहात ते नसलं, की मूत्रपिंडाची धाव अपुरी पडते आणि रक्त आम्ल होत जातं. घरातल्या मधुमेही माणसाच्या श्वासाला फळासारखा गोडसर वास येऊ लागला, उलट्या आणि खोल धाप सुरू झाली, तर सकाळची वाट पाहू नका. तडक रुग्णालय गाठा.