क्रॉफर्ड मार्केटचा फायटर आणि मशिदीचा हौद

मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट १८६९ साली बांधून पूर्ण झाले. आज त्याचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव बसले आहे. फळे आणि सुका मेवा ओलांडून पुढे गेले की रंगीत माशांची दुकाने लागतात. तिथे लहान लहान बाटल्यांत एकेकटे मासे ठेवलेले असतात. निळे, लाल, झालरीसारख्या शेपटीचे. हाच फायटर, म्हणजे बेट्टा.

याचे मूळ घर थायलंडची भातखाचरे. तिकडे त्याला ‘प्ला कट’, म्हणजे चावणारा मासा म्हणतात. २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. दोन नर एकत्र आले की झुंजतात, म्हणून तो एकटा ठेवायचा. मात्र हाच नर पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, खाली पडणारी अंडी तोंडात झेलून त्यात ठेवतो आणि राखण करतो.

दुकानदार सांगतात, “हा कशातही जगतो.” तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, त्यामुळे बाटलीत तग धरतो हे खरे. पण तग धरणे वेगळे आणि सुखाने राहणे वेगळे. त्याला ऐसपैस टाकी, कोमट पाणी आणि आडोसा लागतो.

आम्ही गेलो होतो बदामाची पाने आणायला. ही सुकी पाने पाण्यात टाकली की पाणी चहासारखे होते आणि ते या माशाला मानवते. शाळेच्या मैदानात शिपाईकाका रोज झाडून टाकतात तीच पाने इथे पाकिटात विकत मिळतात! पण आमच्या शाळेत फवारणी झाली होती, म्हणून ती घेतली नाहीत.

पाने हवी होती घरच्या शेरूसाठी. धाकट्याने त्याला अडीच वर्षे सांभाळले. तो टाकीजवळ गेला की शेरू काचेशी येतो. आम्ही गेलो तर तितकी घाई करत नाही. आता त्याचा रंग उतरला आहे, तो तळाशी पडून राहतो. वर यायला त्रास होऊ नये म्हणून आम्ही पाणी कमी केले आहे.

दुकानदाराने एक सुरेख निळा फायटर पुढे केला, “हा घेऊन जा, बेटा.” धाकटा म्हणाला, “नको चाचा, आमचा आहे अजून.”

तिथून असरसाठी आम्ही जवळच्या जामा मशिदीत गेलो. १८०२ साली पूर्ण झालेली ही मशीद जुन्या तलावावर उभी आहे. कोकणी मुसलमानांचे तिच्याशी जुने नाते. हौदात मासे आणि कासवे आहेत. लोक वुजू करत होते, मासे त्यांच्या पायाशी निर्धास्त फिरत होते.

पायरीवर बसून धाकट्याने विचारले, “शेरू मेला तर रडलेले चालेल का?”

आम्ही त्याला अबू उमैरची गोष्ट सांगितली. त्या लहान मुलाचा चिमुकला पक्षी मेला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्याची थट्टा केली नाही, जवळ जाऊन पक्ष्याची विचारपूस केली.

धाकटा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “चला लवकर, त्याची जेवायची वेळ झाली.”