शोध बंद करावा काय?

मनुष्यजातीचे वर्ग पाडण्याचा अधिकार प्रत्येक निबंधकारास असतो असें दिसतें. तो बजावून मीहि म्हणतों कीं, जगांत माणसें दोन प्रकारचीं: वस्तु जागच्या जागीं ठेवणारीं आणि वस्तु शोधीत बसणारीं. पहिल्यांना शोधण्याची गरज पडत नाहीं व दुसऱ्यांना ठेवण्याची संवय लागत नाहीं. संगणक घडविणाऱ्यांनीं बराच काळ पहिल्या वर्गाचा पक्ष घेतला होता. फाइल कोठें ठेवली हें ज्याचें त्यानें ध्यानांत ठेवावें, असा रिवाज असे. पुढें २००५ सालीं ॲपलनें 'स्पॉटलाइट' आणलें. २००७ च्या जानेवारींत बाजारांत आलेल्या विंडोज व्हिस्टामध्यें शोधाची सूचि मुळांतच चालू ठेवलेली होती. आणि दुसऱ्या वर्गाला सुगीचे दिवस आले.

ही सूचि म्हणजे पुस्तकाच्या शेवटीं असणाऱ्या शब्दसूचीची थोरली बहीण होय. आपण यंत्रावरून हात काढला कीं तें हलकेच एकेक फाइल उघडतें, तींतील शब्द टिपतें, आणि कोणता शब्द कोणत्या फाइलींत आहे याची वही लिहून ठेवतें. मग आपण शब्द विचारला कीं तें फाइली चाळीत नाहीं, वही पाहतें. म्हणूनच उत्तर डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच पुढें येतें. वही बंद केली तरी शोध मरत नाहीं. तो पायीं चालूं लागतो आणि प्रत्येक फाइलीचें दार ठोठावीत जातो, इतकेंच.

माझा संगणक दहा वर्षांचा असून अलीकडे फार मंद चालतो. महाविद्यालयांतील एका जाणत्या तरुणानें त्याची नाडी पाहून सांगितलें, "सर, त्यांतला शोध बंद करून टाका." सल्ला अडाणी नव्हता. माझ्या यंत्रांतील डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची आहे. तिच्यावर वाचणारा काटा एकच. तो कधीं सूचीच्या कामासाठीं तर कधीं माझ्या कामासाठीं धांवतो, आणि दोघांच्या ओढाताणींत दोघांचाहि वेळ जातो. नव्या एसएसडींत असा काटाच नसल्यामुळें तेथें शोध बंद करून फारसें कांहीं साधत नाहीं. माझ्या यंत्रांत मात्र कांहीं साधण्यासारखें होतें. तरीहि मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. पंचवीस वर्षांचीं टिपणें, व्याख्यानें आणि पत्रें ज्या वहीच्या आधारानें हातीं येतात, ती एका शेऱ्यासरशीं मिटून टाकणें माझ्या जिवावर आलें.

त्या आठ दिवसांत ह्या वहीची योग्यता काय, ह्याचा मीं विचार केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १९४८ सालीं संस्कृत महाकोशाचें काम सुरू झालें. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेंचून तेथें एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार करण्यांत आल्या. तीहि शब्दांची सूचिच. परंतु तेथील चिठ्ठी लिहिणाऱ्या पंडितानें ती ओळ वाचलेली असे, तिचा अर्थ लावलेला असे. माझ्या यंत्राच्या वहींत शब्द सारे आहेत, पण त्यांतला एकहि कोणी समजून घेतलेला नाहीं.

ह्याचीं प्रत्यंतरें रोज येतात. मी अनुस्वार जुन्या वळणानें देतों, विद्यार्थी १९६२ नंतरच्या नियमांप्रमाणें देत नाहींत. म्हणून माझें 'कांहीं' आणि त्यांचें 'काही' हे यंत्राच्या लेखीं दोन निराळे शब्द ठरतात. त्याहून नवल पूर्वीच्या टिपणांचें. युनिकोड रूढ होण्याआधीं आम्ही ज्या फाँटांत मराठी टंकित केलें, त्यांत पडद्यावर 'करुणा' दिसते, पण आंत साठविलेलीं असतात रोमन लिपीचीं निरर्थक अक्षरें. यंत्र दिसलेलें वाचीत नाहीं, साठविलेलें वाचतें. त्यामुळें माझ्या उमेदीच्या वर्षांतील सारीं व्याख्यानें त्याच डिस्कवर असूनहि शोधाला सांपडत नाहींत. 'सांपडलें नाहीं' म्हणजे 'नाहींच', असें मानणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हीं टिपणें एकदां दाखवावीं असें मनांत येतें.

परंतु जें सांपडत नाहीं त्याच्यापेक्षां जें न मागतां सांपडलें, त्यानें माझा निर्णय ठरविला. कोलरिजच्या १७९८ सालच्या खलाशाच्या काव्यावर तास घ्यावयाचा होता. भोंवतीं अथांग समुद्र आणि नावेंत तहानेनें व्याकुळ झालेलीं माणसें, ह्या प्रसंगावर मीं पूर्वीं मराठींत कांहीं लिहिल्याचें आठवत होतें. म्हणून 'पाणी' हा शब्द शोधास दिला. टिपण आलें, आणि त्याच्या लगत दुसरी एक फाइल आली. २०१९ सालीं आईच्या शेवटच्या दुखण्यांत औषधें, ताप आणि आहार यांची नोंद मीं रोज ठेवीत असें. तींतली ओळ पडद्यावर होती: 'आज पाणी दोन चमचे. मग नको म्हणाली.'

यंत्राचा ह्यांत दोष नाहीं. शब्द एक, म्हणून त्यानें दोन्ही ठिकाणें एका रांगेंत मांडलीं. आपली स्मृतिहि न बोलावतां येते. पण ती येते तेव्हां एखादा वास, एखादी तिथि, एखाद्या स्वराची ओळख सांगत येते. ह्या ओळीला तसें कोणतेंच निमित्त नव्हतें. त्या दिवशीं तास मीं घेतला. मात्र खलाशांची तहान समजावून देतांना आवाज जरा जपून वापरावा लागला.

मुदत संपल्यावर मीं शोध बंद केला नाहीं. सूचींत काय यावें आणि काय येऊं नये हें ठरविण्याची सोय विंडोजमध्यें असते. तेथें जाऊन एक फोल्डर तेवढें वगळलें. त्यांत त्या नोंदी आहेत, आणि आईनें सांगितलेलीं व मीं उतरून घेतलेलीं कांहीं पत्रें आहेत. ते शब्द मला विसरावयाचे नाहींत. त्यांच्याकडे जावयाचें तें मीं ठरवून, वाट आठवीत जावें आणि दार स्वतःच्या हातानें उघडावें, असें मला वाटतें. कोलरिज, परीक्षांच्या याद्या आणि सभांचे वृत्तांत मात्र त्या वहींत खुशाल राहोत.

संगणक अर्थातच पूर्वीइतकाच मंद चालतो. पन्नाशी उलटलेल्या माणसानें त्याबद्दल त्याला बोल लावूं नये.