पावणेतीन तास

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आम्हाला रामन मायक्रोस्कोप मिळाला तो एकाच दुपारपुरता, तोही सरांच्या ओळखीने. गोळीतल्या औषधाचे स्फटिक कुठे कोणत्या रूपात आहेत, याचा नकाशा काढायचा होता. १०० गुणिले १०० बिंदू, प्रत्येकाला एक सेकंद. म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास! पार्टनर म्हणाला, "एवढ्यात मेसचं जेवणही शिजलं असतं."

रामन प्रकाश आहेच तसा कंजूष. साधारण एक कोटी फोटॉन आपटले तर एखादाच रंग बदलून परततो. १९२८ साली कलकत्त्यात रामन आणि कृष्णन यांनी तो टिपला याचं नवल त्या दुपारी कळलं.

आमच्या आलेखात लेसरच्या रेषेजवळचा भाग नुसताच पांढराफटक. मी वेव्हनंबर २०० च्या खालचं सगळं कापलं आणि रिपोर्टात ठोकून दिलं, 'येथे काही नाही.'

व्हायव्हाला एक्स्टर्नलनी नेमकं तेच पान उघडलं. "काही नाही, की दिसलं नाही?"

माझी बोलती बंद.

नंतर वाचलं तेव्हा घाम फुटला. रेणूतले बंध दोन्ही स्फटिकरूपांत तेच, म्हणून वरच्या रेषा जवळपास सारख्याच. पण स्फटिकात अख्खे रेणू शेजाऱ्यांना धरून डोलतात ते याच खालच्या भागात. फरक तिथेच ठळक दिसतो. १९९८ मध्ये रिटोनाव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाच्या कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या. रेणू तोच, पण कमी विरघळणारं नवं स्फटिकरूप तयार झालं होतं.

आता यावर झकास युक्ती आहे. वेव्हनंबर १०० च्या कंपनाचा एक झोका सुमारे ३३३ फेम्टोसेकंदांचा. त्याहून छोटा लेसरचा ठोका दिला की सगळे रेणू एका तालात डोलतात. दुसरा ठोका थोड्या थोड्या उशिराने पाठवून तो ताल टिपायचा. मग फूरिए! सेकंड इयरला आपण घोकून ओकला तोच. मोजणी काळात होते, त्यामुळे लेसरची रेषा आड येत नाही. उशीर झपाट्याने बदलणाऱ्या यंत्रांनी अशा पद्धतींत सेकंदाला हजारो वर्णपट घेता येतात. आमचे पावणेतीन तास काही सेकंदांवर!

रिझल्ट लागला, पास झालो. पण हॉस्टेल सोडण्याआधी डिपार्टमेंटच्या लायब्ररीत गेलो. आमचा काळ्या बाइंडिंगचा रिपोर्ट काढला, ती ओळ पेनाने खोडली आणि वर लिहिलं, 'येथे आम्हाला दिसले नाही.' खाली सही केली.

ज्युनिअर्सनो, कॉपी माराल तेव्हा निदान ही दुरुस्ती तरी मारा.