दट्ट्या

माधवगंजातील आमच्या परसात बागेच्या मशागतीचा एक लहान पॉवर टिलर अनेक वर्षे गंजत पडला होता. दट्ट्या जखडलेला. नोझल उतरवून त्या छिद्रातून आम्ही डिझेल आणि ऑइल ओतले. दोन रात्री मुरल्यावर कोठे हँडल हलले.

मिस्त्री म्हणे ‘पिस्टन’, आमचे काका म्हणत ‘दट्ट्या’. पिचकारीतला दट्ट्या तोच हा, खिडकीची झडप तीच इंजिनाची. हे शब्द घरातूनच यंत्रात गेले आहेत. बेळगावात १८८८ साली किर्लोस्करांनी सायकलचे दुकान थाटले, तुमच्याकडे यंत्र आणि मराठी एकाच ओट्यावर भेटली. येथे १८१० मध्ये शिंद्यांच्या छावणीतून लश्कर वसले. मराठी दफ्तरात नांदली, मिस्त्रीच्या दारी मात्र आम्ही हिंदीच बोलत आलो. हे शब्द सहज उच्चारणारे घरात आता काकाच उरले आहेत, म्हणून मुलांना आम्ही मुद्दाम हाताशी घेतले.

टाकीतला गाळ काढला, नळीतले बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू दिले. हँडलच्या तिसऱ्या खेपेस इंजिन धडधडले. धाकटी ओरडली, “आजोबा, झडप वाजतेय!” फट खरोखरच जास्त होती; ती उद्या जुळवायची आहे.